डेन्व्हरच्या कोरड्या उन्हात बुटका यॅरो: नवख्यांसाठी लागवडीपासून तिसऱ्या वर्षापर्यंत

कोलोरॅडोत घर घेतलं की घराबरोबर हिरवळही पदरात पडते. केंटकी ब्लूग्रासची ती हिरवळ दिसायला छान असते, पण तिची तहान इथल्या आभाळाला भागवता येत नाही. डेन्व्हरला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी जेमतेम १४-१५ इंच पाणी पडतं, म्हणजे साताऱ्यातल्या माण तालुक्याच्या सरासरीपेक्षाही कमी. बाकीचं सगळं नळाचं, आणि त्या नळातलं निम्म्याच्या आसपास पाणी रॉकी पर्वताच्या पलीकडच्या उतारावरून बोगद्यांतून आणलेलं असतं. 'झेरीस्केप' हा कमी पाण्याच्या बागेचा शब्द इथल्याच डेन्व्हर वॉटरने १९८१ साली रूढ केला, तो उगाच नाही.

ज्यांनी इथे नुकतंच घर घेतलंय, ज्यांचा बागकामाचा अनुभव गॅलरीतल्या कुंड्यांपुरता आहे आणि अंगणाचा एखादा तुकडा तरी मधमाश्या-फुलपाखरांसाठी राखावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सुरुवात बुटक्या यॅरोपासून करा असं मी प्रत्येकाला सांगते. हे रोप नवख्या माणसाला सांभाळून घेतं. त्याची अट एकच: पहिल्या वर्षी पाण्याकडे लक्ष द्यायचं आणि त्यानंतर हात आखडता घ्यायचा. यॅरो दुष्काळाने क्वचितच मरतो, लाडाने मरतो.

हे रोप आहे कसं

यॅरो शेवंतीच्या कुळातला. हिवाळ्यात वरचा भाग वाळतो, जमिनीलगत थोडी पानं टिकून राहतात, आणि एप्रिलमध्ये बुंध्यातून नवे फुटवे येतात. असं वर्षानुवर्षं चालतं. पानं पिसासारखी बारीक चिरलेली असतात, चुरगळली की कडवट-औषधी वास येतो. त्या वासामुळे हरणं आणि ससे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि डेन्व्हरच्या उपनगरांत ही छोटी गोष्ट नाही.

जूनच्या अखेरीला एखादा फुललेला तुरा हातात घ्या आणि भिंगातून पाहा. लांबून जे एकच सपाट फूल वाटतं, ती शेकडो चिमुकल्या फुलांची जुळणी असते. त्यातलं पाच मिलिमीटरचं प्रत्येक 'फूल' सुद्धा पुन्हा एक गुच्छच. कडेला बहुधा पाच किरणपुष्पकं (पाकळीसारखी दिसणारी फुलं), प्रत्येकाच्या टोकाला तीन बारीक दाते, आणि मधोमध नळीच्या आकाराची बिंबपुष्पकं. या नळ्या इतक्या उथळ असतात की मधुरसापर्यंत पोचायला लांब सोंड लागत नाही.

म्हणून इथे येणारी मंडळीही वेगळी. जागच्या जागी तरंगणाऱ्या सिरफिड माश्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या हिरव्या-काळ्या रानमाश्या, ढालकिडे, क्रायसोपा, परजीवी गांधीलमाश्या आणि छोटी फुलपाखरं. शेतीशी संबंध असलेल्यांना ही नावं मित्रकीटकांच्या यादीतली म्हणून ओळखीची असतील. सिरफिड माशी स्वतः फुलावर जगते, पण तिच्या अळ्या मावा खातात. मधूनच एखादा पांढरा किंवा पिवळा खेकडा-कोळी तुऱ्याच्या रंगात मिसळून पाय पसरून बसलेला दिसेल. त्याला राहू द्या, तोही या बागेचाच आहे.

एक मात्र आधीच सांगते: मोठे भुंगे, म्हणजे बंबलबी, यॅरोवर फार रमत नाहीत. त्यांना खोल नळीची फुलं लागतात. कोलोरॅडोत स्थानिक मधमाश्यांच्या ९०० पेक्षा जास्त जाती आहेत आणि एका फुलाने त्या सगळ्यांचं भागत नाही. म्हणून पुढे सोबतीच्या झाडांचाही विचार केला आहे.

कुठली जात घ्यावी

रॉकी पर्वतात रानात उगवणारा पांढरा यॅरो इथलाच. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये झाडांची हद्द संपते तिथल्या उघड्या माळावरसुद्धा तो दिसतो. मला तो फार आवडतो. पण तो दोन-तीन फूट वाढतो आणि जमिनीखालच्या खोडांनी पसरत जातो. फुटपाथलगतच्या अरुंद पट्टीत किंवा दहा बाय दहाच्या तुकड्यात पहिल्याच वर्षी तो लावू नका, दोन-तीन वर्षांत तो शेजारच्यांना दाबून टाकेल. त्याला घराच्या मागचा मोकळा कोपरा द्या.

लहान जागेसाठी बुटक्या जाती शोधा. 'मूनशाइन' ही इंग्लंडमधल्या अॅलन ब्लूम या रोपवाटिकाकाराने निवडलेली जुनी, खात्रीची जात. रुपेरी पानं, लिंबासारखी पिवळी फुलं, उंची दीड ते दोन फूट, आणि ती पसरत नाही, ठोंब धरून राहते. 'लिटल मूनशाइन' तिचीच एक फुटाच्या आसपासची आवृत्ती. लाल, गुलाबी, जांभळट रंग हवे असतील तर 'न्यू व्हिंटेज' किंवा 'मिली रॉक' या मालिकांमधली रोपं साधारण एक ते दीड फुटावर थांबतात. लाल-गुलाबी फुलं इथल्या कडक उन्हात थोडी फिकी पडत जातात. एकाच झाडावर तीन छटा दिसतात, तो रोग नव्हे. अगदी कडेला, दगडांच्या फटीत लावायला लोकरी पानांचा यॅरो मिळतो, त्याची पानं चटईसारखी जमिनीला चिकटून असतात.

पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत सरळ 'मूनशाइन'ला किंवा 'लिटल मूनशाइन'ला. कोरडी हवा तिला मानवते आणि डेन्व्हरइतकी कोरडी हवा तिला क्वचितच कुठे मिळत असेल.

दुहेरी पाकळ्यांच्या, गोंड्यासारख्या दिसणाऱ्या जाती मात्र या बागेत नकोत. त्यांत मधली बिंबपुष्पकं पाकळ्यांत बदललेली असतात, मग माशीला बसायला जागा मिळते पण खायला फारसं काही मिळत नाही.

पायरी पहिली: जागा आणि परवानगी

दिवसाला किमान सहा तास, शक्यतो आठ तास थेट ऊन येणारी जागा हवी. एखाद्या रविवारी सकाळी नऊपासून दर दोन तासांनी त्या जागेचा फोटो काढा, कुठे किती ऊन येतं ते कळतं. दक्षिण किंवा पश्चिमेचा तुकडा, ड्राइव्हवेच्या कडेची तापणारी पट्टी, जिथे हिरवळ दरवर्षी करपते ती जागा, हे सगळं यॅरोला चालतं.

मग निचरा पाहा. एक फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभराने पातळी किती उतरली ते मोजा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरली तर काळजी नाही. त्याहून हळू उतरत असेल तर उंचवटा करावा लागेल, त्याबद्दल पुढे.

कुदळ मारण्याआधी मात्र, अगदी या चाचणीच्या खड्ड्याआधीसुद्धा, ८११ या नंबरवर कळवा. ही सेवा फुकट आहे. गॅस, वीज, इंटरनेटच्या तारा-नळ्या कुठून जातात त्यावर ते लोक येऊन रंगाच्या खुणा करून जातात. खड्डा लहान आहे म्हणून हे टाळू नका.

घर एचओएच्या (घरमालकांच्या संघटनेच्या) वसाहतीत असेल तर लेखी अर्ज आधी द्या. कोलोरॅडोत २०२३ साली झालेल्या कायद्याने सुट्या घरांच्या बाबतीत एचओएला कमी पाण्याच्या बागेला सरसकट नकार देता येत नाही, आणि किमान तीन तयार आराखडे मान्य करून ठेवावे लागतात. ते आराखडे मागून घ्या. अर्जासोबत झाडांची नावं, त्यांची उंची आणि एक साधं हाताने काढलेलं चित्र जोडलं की काम सोपं होतं. बुटक्या जाती इथेही कामाला येतात, कारण उंच वाढलेलं दिसलं की तक्रारी येतात.

पायरी दुसरी: हिरवळ काढणं

सगळ्यात कष्टाचं काम हेच, आणि इथे घाई केली तर पुढची तीन वर्षं खुरपणीत जातात.

सोपा रस्ता पुठ्ठ्याचा. ऑगस्ट-सप्टेंबरात हिरवळ अगदी बुटकी कापा, पाणी मारा, त्यावर चिकटपट्टी काढलेले साधे पुठ्ठे सहा-सहा इंच एकमेकांवर चढवून अंथरा, भिजवा आणि वर चार-पाच इंच लाकडाचा भुसा किंवा ढलप्या टाका. हिवाळाभर तसंच राहू द्या. मे महिन्यापर्यंत खालचं गवत मरतं. लागवडीच्या वेळी ढलप्या बाजूला सारून ठेवायच्या. यॅरोच्या बुंध्याशी ओल धरणारं आच्छादन चालत नाही, त्या ढलप्या झुडपांखाली वापरा.

इतकं थांबायचं नसेल तर भाड्याने सॉड कटर मिळतो. दोन इंच खोलीवर गवताचा थर मुळांसकट गुंडाळून निघतो. त्यानंतर पंधरा दिवस जागा मोकळी ठेवा, अधूनमधून पाणी मारा आणि जे उगवेल ते काढा.

या पंधरा दिवसांत एक वेल दिसण्याची शक्यता फार आहे: बाणाच्या टोकासारखी पानं, पांढरी-गुलाबी कर्ण्याची फुलं. इथे तिला बाइंडवीड म्हणतात. ही आपल्याकडच्या शेतातली हरणखुरीच, तीच जात. तिच्या मुळ्या कित्येक फूट खोल जातात आणि तुटलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतात. एकदा उपटून ती जात नाही. दर आठवड्याला जमिनीलगत काढत राहिलं की मुळांतला साठा संपत जातो. ती जास्त असेल तर लागवड एक हंगाम पुढे ढकला. यॅरोच्या ठोंबात एकदा हरणखुरी शिरली की दोघांना वेगळं करणं अशक्य होतं.

उरलेल्या हिरवळीच्या आणि नव्या वाफ्याच्या मध्ये चार इंच खोल धातूची पट्टी बसवा. ब्लूग्रासही जमिनीखालून पसरतो.

पायरी तिसरी: मातीला काही करू नका

हे वाचून बऱ्याच जणांना चैन पडत नाही, कारण 'लावायच्या आधी शेणखत घालायचं' हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. यॅरोला ते नको. कसदार मातीत तो लांब, मऊ दांडे काढतो आणि फुलं आली की लोळतो. इथली माती बहुतेक ठिकाणी चिकणमाती, सामू सातच्या वर, आठच्या आसपास. यॅरोला तो सामू चालतो. कंपोस्ट, शेणखत, युरिया, हाडांचा चुरा, यांतलं काहीही नको.

चिकणमाती मोकळी करायची म्हणून वाळू मिसळण्याचा मोह होतो, तोही टाळा. थोडी वाळू आणि भरपूर चिकणमाती मिळून विटेसारखा घट्ट थर तयार होतो. निचरा खरोखरच वाईट असेल तर त्या जागेवर वाळूमिश्रित पोयटा आणून आठ-दहा इंच उंचीचा, उताराच्या कडांचा उंचवटा करा आणि रोपं त्यावर लावा.

माती ओली असताना तिच्यावर चालू नका, फावडं लावू नका. वाफसा येऊ द्या. मूठभर माती दाबून बोटाने टिचकी मारली आणि ती भुसभुशीत फुटली तर कामाला लागा, लाडवासारखी राहिली तर दोन दिवस थांबा.

पायरी चौथी: रोपं आणणं

यॅरोचं बी धुळीसारखं बारीक असतं. ते मातीवर नुसतं टेकवायचं, झाकायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. साधारण ६५-७० फॅरनहाइट तापमानात एक-दोन आठवड्यांत उगवतं. पण नावाच्या बुटक्या जाती बियांपासून तशाच येत नाहीत, म्हणून त्यांची रोपंच विकत घ्या.

बोल्डरची रिसोर्स सेंट्रल ही संस्था 'गार्डन इन अ बॉक्स' नावाने कमी पाण्याच्या रोपांचे संच आराखड्यासकट विकते. ज्यांना निवड करणं अवघड वाटतं त्यांना ते सोयीचं आहे, मात्र मागणी भरपूर असते म्हणून हिवाळ्यातच चौकशी करा. रोपवाटिकेतून घेणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: या रोपांवर निओनिकोटिनॉइड वर्गातलं कीटकनाशक वापरलंय का? ते झाडाच्या अंगात भिनतं आणि मधुरसात, परागात उतरतं. माश्यांना बोलावून विष वाढण्यात काय अर्थ? उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर दुसरीकडून घ्या.

फुलांनी लगडलेली मोठी कुंडी घेऊ नका. चार इंची कुंडीतलं, पानांनी भरलेलं, फुलं न आलेलं रोप स्वस्त पडतं आणि लवकर रुजतं. काचघरातून आलेलं रोप इथल्या उंचीवरच्या उन्हात एकदम ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात. आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं जास्त ऊन दाखवा, रात्री थंडी असेल तर आत घ्या.

पायरी पाचवी: लागवड

वेळ दोनच. मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. इथे मदर्स डेपर्यंत (मेचा दुसरा रविवार) दहिवर पडू शकतं हे जुने रहिवासी सांगतात ते खरं आहे. जुलैच्या कडाक्यात लागवड नको.

संध्याकाळ निवडा. रोप कुंडीतच भरपूर भिजवून घ्या. खड्डा कुंडीइतकाच खोल आणि दुप्पट रुंद. चिकणमातीत फावड्याने खड्ड्याच्या कडा गुळगुळीत होतात, त्या खुरप्याने ओरखडून खडबडीत करा, नाहीतर मुळं आतल्या आतच फिरत राहतात. रोप काढलं की मुळांचा जारवा बोटांनी सैल करा. बुंधा जमिनीच्या पातळीला किंवा अर्धा इंच वरच राहिला पाहिजे, खाली कधीच नाही. काढलेलीच माती परत भरा, हलकेच दाबा, पाणी द्या. दोन रोपांत सव्वा ते दीड फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी जागा रिकामी-रिकामी वाटते, ती तशीच राहू द्या.

एकेक रोप विखरून लावण्यापेक्षा तीन-तीनाचे पुंजके करा. माश्या एका फेरीत एकाच जातीची फुलं धुंडाळतात, त्यामुळे रंगाचा मोठा ठिपका त्यांना लवकर सापडतो.

पहिल्या उन्हाळ्यापुरतं रोपाभोवती उथळ आळं करायला हरकत नाही. हिवाळ्याआधी ते मोडून सपाट करा, कारण वितळलेल्या बर्फाचं पाणी बुंध्याशी साचलं तर सड लागते.

आच्छादन म्हणून दीड-दोन इंच बारीक खडी टाका, बुंध्यापासून दोन इंच लांब. खडीखाली काळं कापड अंथरायचा सल्ला कंत्राटदार हमखास देतात. कृपा करून ते अंथरू नका. इथल्या बहुतेक रानमाश्या एकट्या राहतात आणि जमिनीत बीळ करून अंडी घालतात. कापडाने त्यांची दारंच बंद होतात. शिवाय दोन-तीन वर्षांत वर माती साठून तण कापडावरच उगवतं आणि त्याची मुळं विणीत अडकतात. उलट दक्षिणेकडचा एक हातभर कोपरा अगदी उघडा, न झाकलेला ठेवा. वसंतात तिथे पेन्सिलच्या जाडीची भोकं दिसली तर समजा की घरं झाली.

पायरी सहावी: पाणी

हिरवळीचे फवारे या वाफ्यावर येत असतील तर तेवढी तोंडं आधी बंद करा. आठवड्यातून तीनदा वरून पडणारं पाणी यॅरोच्या मुळावर उठतं. ठिबक उत्तम: प्रत्येक रोपाला तासाला एक गॅलनचा एक ड्रिपर, बुंध्यापासून सहा इंचांवर.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, दर रोपाला अर्धा गॅलन. पुढचा महिना आठवड्यातून दोनदा. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा, पण खोल मुरेल असं. तारखेपेक्षा बोटावर विश्वास ठेवा: दोन-तीन इंच खाली ओल लागली तर आज पाणी नाही. दुसऱ्या वर्षी जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत दहा ते चौदा दिवसांनी एकदा पुरतं. तिसऱ्या वर्षापासून पाऊस नसेल तर तीन-चार आठवड्यांनी एकदा.

तहान लागली की खालची पानं मलूल आणि राखाडी दिसतात, पाणी दिलं की सावरतात. जास्त पाणी झालं तर दांडे लांबट होऊन आडवे पडतात, खालची पानं पिवळी आणि मग काळी पडतात. पहिल्यावर इलाज सोपा आहे, दुसऱ्यावर फारसा नाही.

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात. संध्याकाळी पाइप हातात घेऊन झाडांना पाणी घालणं हा त्यांच्या दिवसातला आनंदाचा भाग असतो, आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. त्यांच्यासाठी टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर आणि तुळशीची कुंडी मागच्या अंगणात तयार ठेवा. यॅरोच्या वाफ्याबद्दल मात्र पहिल्याच दिवशी नीट सांगा: "बाबा, याला कोरडं राहायलाच आवडतं." दुष्काळ पाहिलेल्या माणसांना ही गोष्ट लगेच पटते.

हिवाळ्याचं पाणी नवखे लोक हमखास विसरतात. इथला हिवाळा थंड असतो त्याहून जास्त कोरडा असतो. ऑक्टोबर ते मार्चमध्ये तीन-चार आठवडे बर्फ पडला नसेल, दुपारचं तापमान ४० फॅरनहाइटच्या वर असेल आणि जमीन गोठलेली नसेल, तर पहिल्या दोन हिवाळ्यांत महिन्यातून एकदा दुपारी हाताने पाणी द्या. ठिबकच्या नळ्या त्याआधीच रिकाम्या केलेल्या असतात, तेव्हा झारी किंवा बादलीच घ्यावी लागते.

सोबतीला कोण

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत काहीतरी फुललेलं असायला हवं. मे-जूनमध्ये रॉकी माउंटन पेन्स्टेमॉन निळ्या-जांभळ्या नळ्या घेऊन येतो, बंबलबी त्यावर तुटून पडतात. जून-जुलै यॅरोचा. जूनपासून दहिवर पडेपर्यंत गॅलार्डिया. हारवाल्यांकडचा आपला गलांडा या अमेरिकन फुलांचाच भाऊबंद, इथे त्याची बारमाही जात रानात उगवते. जुलै-ऑगस्टला अगस्टाके आणि लायट्रिस, शेवटी सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळी रॅबिटब्रश आणि अॅस्टर. मधल्या जागांत ब्लू ग्रामा गवत, ते कोलोरॅडोचं राज्यगवत आहे आणि पाणी जवळजवळ मागतच नाही.

दहा बाय दहा फुटांच्या तुकड्यात यॅरोची नऊ रोपं तीन पुंजक्यांत, पेन्स्टेमॉन तीन, अगस्टाके तीन, गॅलार्डिया तीन, ब्लू ग्रामा पाच आणि मागच्या कोपऱ्यात एक बुटकी रॅबिटब्रश एवढं भरपूर झालं. लव्हेंडर चालेल. गुलाब, हायड्रेंजा यांना याच वाफ्यात बसवू नका, त्यांच्या पाण्याने यॅरो जाईल.

छाटणी, गारा, कीड

पहिला बहर जुलैच्या उत्तरार्धात तपकिरी पडू लागतो. तेव्हा दांडा खालच्या पानांच्या बगलेपर्यंत कापा, तिथे नवा कोंब दिसतोच. सप्टेंबरात दुसरा, थोडा लहान बहर येतो. तो मात्र कापू नका. वाळलेले तुरे बर्फात उभे राहू द्या, वाळल्या दांड्यांत आणि पानांच्या चटईत किडे हिवाळा काढतात. साफसफाई वसंतात, दुपारचं तापमान सलग ५० फॅरनहाइटच्या वर राहू लागलं की.

गारांना घाबरू नका. या पट्ट्यात मे ते ऑगस्ट गारा पडतातच. ८ मे २०१७ च्या गारपिटीने डेन्व्हरमध्ये दोन अब्ज डॉलरहून जास्त नुकसान केलं होतं. रुंद पानांच्या झाडांची चाळण होते, यॅरोची पिसासारखी पानं मार झेलून जातात. तुरे मोडले तर सगळं झाड चार इंचांवर कापा, तीन-चार आठवड्यांत पुन्हा भरतं.

मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि आठवडाभर थांबा, ढालकिडे येतातच. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) आली तर समजा ऊन कमी पडतंय किंवा रोपं दाट झालीत. फवारणी कशाचीच करायची नाही.

काळजीच्या दोन गोष्टी. यॅरो कुत्र्या-मांजरांच्या पोटात गेला तर त्यांना त्रास होतो, आणि शेवंती-झेंडूच्या कुळाची अॅलर्जी असणाऱ्यांच्या हातावर पुरळ उठू शकतं, तेव्हा हातमोजे घाला. दुसरं, कालव्याच्या कडेची पांढरी छत्रीसारखी फुलं यॅरो समजून तोडून आणू नका. तिथे पॉयझन हेमलॉक उगवतो, तो जीवघेणा विषारी आहे. त्याचा दांडा गुळगुळीत, पोकळ, जांभळ्या ठिपक्यांचा असतो, उंची माणसाएवढी किंवा जास्त, आणि तुऱ्याच्या सगळ्या काड्या एकाच बिंदूतून निघतात. यॅरोचा दांडा बारीक लवेचा असतो आणि काड्या वेगवेगळ्या उंचीवरून निघून वर एका पातळीत येतात.

पुण्या-नाशकातले नातेवाईक फोटो पाहून बी मागतात. यॅरो भारतात काश्मीर-हिमाचलच्या थंड डोंगरांत रानात उगवतो, युनानी औषधांत तो 'बिरंजासिफ' म्हणून वापरतात. चार महिन्यांच्या पावसात आणि दमट हवेत मात्र त्याची मुळं सडतात. शिवाय परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी भारतात नेता येत नाही, तेव्हा बॅगेत पुडी टाकू नका. त्यांना तिथल्याच गलांड्याची रोपं लावायला सांगा, माश्या त्यावरही येतात.

तिसऱ्या वर्षी: ठोंब फोडणं

तिसऱ्या किंवा चौथ्या वसंतात ठोंबाचा मधला भाग विरळ, काडीसारखा दिसू लागतो. हीच फोडायची वेळ. एप्रिलमध्ये नवे फुटवे दोन-तीन इंचांचे झाले आणि जमिनीला वाफसा आला की सगळा ठोंब फावड्याने उचला. कडेचे तळहाताएवढे तुकडे करा, प्रत्येकात तीन-चार फुटवे आणि भरपूर मुळं हवीत. मधला जुना भाग टाकून द्या. तुकडे पूर्वीच्याच खोलीवर लावा आणि पाण्याचं वेळापत्रक पहिल्या वर्षासारखंच पुन्हा सुरू करा. 'मूनशाइन' इतरांपेक्षा लवकर थकते, तिला तिसऱ्या वर्षाच्या पुढे टांगून ठेवू नका.

वाफ्यात अधूनमधून आपोआप उगवलेली रोपं सापडतील. ती मूळ जातीची नसतात, बहुधा उंच वाढून पांढरी किंवा फिकट गुलाबी फुलतात. लहान असतानाच उपटा किंवा मागच्या कोपऱ्यात हलवा.

उरलेले तुकडे वाटायचे असतील तर एक गॅलनच्या कुंडीत, साध्या मातीत लावून दहा दिवस अर्धवट सावलीत ठेवा आणि नवी पानं दिसली की द्या. देताना जातीचं नाव लिहिलेली पट्टी कुंडीत खोचा. रानातला पांढरा यॅरो आणि पांढरी बुटकी जात फुलं येईपर्यंत जवळपास सारखीच दिसतात, आणि घेणाऱ्याने पसरणारी जात चुकून फुटपाथलगत लावली तर पुढच्या वर्षी त्याला ती सगळी खणून काढावी लागते.